ओळखीचे लेखक, अनोळखी वाचक

अलीकडे लेखक होण्याचे एक शास्त्रच तयार झाले आहे. पूर्वी चांगले कसे लिहावे यावर पुस्तके निघत; आता लिहून झालेले पुढे कसे सरकवावे यावर शिबिरे भरतात. अशाच एका शिबिराची पत्रिका गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर लागली होती. एक दिवसाचे शिबिर, मध्ये चहा आणि जेवण. विषय चार: साहित्यिकांशी ओळखी कशा वाढवाव्यात, संमेलनाचे निमंत्रण कसे मिळवावे, पुस्तकाचा गाजावाजा कसा करावा आणि पुरस्कारासाठी प्रती कुठे कुठे पाठवाव्यात. लिहावे काय, हा विषय पत्रिकेत नव्हता. तो शिबिरार्थींनी घरूनच करून आणायचा होता, असे दिसते.

या प्रकाराला हसणे सोपे आहे, आणि हसण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीतही आहे. खऱ्या लेखकाला असल्या खटपटी लागत नाहीत, हिरा उकिरड्यावर पडला तरी चमकायचा तो चमकतोच, असे आपण म्हणतो आणि दिवाळीचा चिवडा तोंडात टाकून मोकळे होतो. हिरा चमकत असेलही. पण उकिरड्यावरून कुणीतरी जावे लागते, त्याची नजर खाली असावी लागते, आणि काच व हिरा यांतला फरक त्याला कळावा लागतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. घरात माझ्याआधी कुणी पुस्तक लिहिलेले नव्हते, फार काय, विकतही घेतलेले नव्हते. पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित पूर्ण झाले तेव्हा ते कोणत्या पत्त्यावर पाठवायचे हे विचारायलासुद्धा माणूस नव्हता. त्यामुळे ओळखीपाळखीची थट्टा माझ्याच्याने फारशी होत नाही. ज्यांच्या घरी ओळखी वडिलोपार्जित असतात त्यांनाच ती थट्टा परवडते.

तेव्हा ओळख वाईट की चांगली, या वादात मला पडायचे नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की ही ओळख कुणाची कुणाशी व्हायची? लेखकाची लेखकाशी, की पुस्तकाची वाचकाशी? आजच्या साहित्यव्यवहारात या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ झाली आहे, की पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप झाली असे आपण धरून चालतो.

मौज अशी, की ज्या संमेलनांना आज आपण नावे ठेवतो त्यांचा जन्म पुस्तके खपावीत या अगदी रोकड्या काळजीतून झाला. १८७८ साली लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावले आणि ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत सभा भरली. नाव संमेलन नव्हे, ग्रंथकारांची सभा. मराठीत ग्रंथ निघतात पण त्यांचा प्रसार होत नाही, तो कसा व्हावा, हा तिच्यामागचा हेतू. म्हणजे आजच्या शिबिराच्या पत्रिकेतला तिसरा विषय खुद्द रानड्यांच्या डोक्यात होता. ग्रंथविक्रीची चिंता करणे हे सरस्वतीच्या दारात दुकान मांडण्यासारखे आहे असे त्या थोर माणसांना वाटले नाही. दोघेही सरकारी न्यायखात्यात काम केलेले. व्यवहार त्यांना कळत होता.

पण याच कथेला दुसरे पान आहे. १८८५ साली पुन्हा अशी सभा भरायची ठरली, तेव्हा रानड्यांनी महात्मा फुल्यांनाही बोलावले. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. त्या पत्राचा कडकपणा पुष्कळांना माहीत असतो. त्यातला मुद्दा तितकासा लक्षात राहत नाही. जे लोक माणसाला माणसाचे हक्क खुशीने द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तके यांच्याशी आमच्या सभांचा नि पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पत्र वाचताना मला नेहमी वाटते, की साहित्याच्या मांडवाबद्दल झालेली ही आपल्याकडची पहिली खरी समीक्षा. मांडवात कोण बसले आहे एवढे पाहून फुले थांबले नाहीत. जो वाचक त्यांना हवा होता, शेतकरी, कारागीर, ज्याला अक्षर नुकतेच ओळखू येऊ लागले आहे असा, तो या मांडवाच्या आसपासदेखील नाही, हे त्यांनी ओळखले होते. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी दोन वर्षांपूर्वीच लिहून संपवला होता, आणि त्यातले भाग ते जागोजाग लोकांना वाचून दाखवत असत. आजच्या भाषेत याला पुस्तकाचा प्रचारच म्हणावे लागेल. फरक इतकाच, की श्रोते ग्रंथकार नव्हते.

हिराबागेतल्या त्या सभेचा आज केवढा विस्तार झाला आहे हे सांगायला नको. २०२५ साली दिल्लीत डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलनाचे ९८ वे अधिवेशन झाले. त्याशिवाय विभागीय, जिल्हा, तालुका, ग्रामीण, दलित, आदिवासी, कामगार, बाल, शिक्षक अशी संमेलने वर्षभर चाललेली असतात. यातली काही गरजेतून निघाली. १९५८ साली मुंबईत दलित साहित्याचे पहिले संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केले, ते काही कुणाला शाल मिळावी म्हणून नव्हे. मोठ्या मांडवात ज्यांना जागा नव्हती त्यांनी आपला मांडव घातला. फुल्यांनी सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेल्या पत्राला हे एक प्रकारचे उत्तर होते.

संमेलनाविषयी माझे मत मी सरळ सांगतो. वाचकासाठी संमेलन ही मोठी चांगली गोष्ट आहे. तालुक्याच्या गावाहून पोराबाळांना घेऊन एस.टी.ने येणारा, दशम्यांची पुरचुंडी सोडून झाडाखाली जेवणारा आणि जाताना ग्रंथप्रदर्शनातून दोनतीन पुस्तके पिशवीत टाकणारा माणूस जोवर येतो, तोवर संमेलनावर कितीही टीका झाली तरी ते बंद पडू नये. लेखकाला मात्र तिथे मिळते काय? मी पाहिलेल्या बहुतेक कविसंमेलनांत पहिल्या दोन ओळींत कवीच बसलेले असतात. आपली पाळी झाली की ते उठतात, आणि शेवटच्या कवीला ऐकायला सूत्रसंचालक आणि ध्वनिक्षेपकवाला उरतात. ध्वनिक्षेपकवाला तरी कसा जाणार, त्याला सामान न्यायचे असते!

प्रकाशकांना हा फरक लेखकांपेक्षा लवकर कळतो. २०१५ साली संमेलन पंजाबात घुमानला भरायचे ठरले, तेव्हा नामदेवांची भूमी म्हणून सर्वांची मान लवली. पण तिथे मराठी पुस्तके घेणार कोण, असे म्हणून प्रकाशकांनी बहिष्काराची भाषा केली. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकाही झाली. मला तो प्रश्न मुळीच गैर वाटला नाही. १८७८ चा मूळ प्रश्न त्यांनीच तेवढा लक्षात ठेवला होता.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. अनेक वर्षे हजार-अकराशे मतदारांच्या यादीवर ही निवडणूक होत असे. उमेदवार गावोगाव हिंडत, पत्रे पाठवत, दूरध्वनी करत. शेवटी २०१८ साली महामंडळाने नियम बदलून अध्यक्ष सहमतीने निवडण्याची पद्धत आणली, आणि यवतमाळच्या संमेलनासाठी डॉ. अरुणा ढेरे यांना तो मान पहिल्यांदा मिळाला. त्या दीर्घ निवडणूकपर्वाचा हिशेब मांडायचा तर एवढेच पुरे, की ज्ञानपीठ पारितोषिक मिळालेले विंदा करंदीकर आणि देशभर ज्यांची नाटके झाली ते विजय तेंडुलकर कधीच संमेलनाध्यक्ष झाले नाहीत. वाचकांना त्यामुळे त्यांची पुस्तके शोधायला अडचण आली असे ऐकिवात नाही.

इथे कुणी जी. ए. कुलकर्ण्यांचे नाव घेईल, याची मला खात्री आहे. ते घेतल्याशिवाय हा वाद आपल्याकडे पुढे सरकतच नाही. धारवाडला राहणारा, कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, सभासमारंभांपासून दूर पळणारा, काळ्या चष्म्याआड दडलेला हा माणूस. 'काजळमाया'ला १९७३ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद निघताच त्यांनी ते परत करून टाकले. म्हणजे ओळखीशिवाय मोठे होता येते, याचा जणू पुरावाच.

पण जरा नीट पाहावे. जी.एं.चा पहिला संग्रह 'निळासावळा' १९५९ साली निघाला. त्याआधी त्यांच्या कथा 'सत्यकथे'त येत होत्या, आणि तिथे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे वाचणारे संपादक होते. धारवाडचा लेखक मुंबईला गेला नाही, कारण मुंबईतला संपादक टपालाच्या पाकिटातून धारवाडला पोहोचत होता. शिवाय हा एकांतवासी पत्रे किती लिहीत असे! त्यांच्या मागे त्या पत्रांचे खंडच्या खंड निघाले. लोकांशी त्यांचा संबंध नव्हता असे म्हणणे खोटे आहे, गर्दीशी नव्हता. कागदावर माणूस भेटला तर ते त्याला तासन् तास देत, व्यासपीठावर भेटला तर पाच मिनिटेही नाही.

दुसरे नाव अरुण कोलटकरांचे. यांची गोष्ट तर अधिकच गमतीची. पोटासाठी त्यांनी जाहिरातीच्या व्यवसायात काम केले आणि त्यात मोठे नाव मिळवले. दुसऱ्यांचा माल लोकांच्या डोळ्यांत कसा भरवायचा हे ज्याला उत्तम ठाऊक होते, त्या माणसाने आपल्या कवितेची जाहिरात केली नाही. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये ठरावीक टेबलावर तो बसे. ज्याला भेटायचे तो तिथे जाई. मात्र इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली निघाले ते कवींनी मिळून चालवलेल्या 'क्लिअरिंग हाउस' या प्रकाशनातर्फे, आणि १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' काढल्या त्या अशोक शहाण्यांच्या 'प्रास'ने. म्हणजे इथेही ओळखी होत्याच! पण त्या बैठकीतून निघाले ते पुस्तक, आणि तेही असे, की अक्षराचे वळण नि कागदाचा रंग यांवर महिनोन् महिने जीव टाकलेला. एकमेकांचा सत्कार करण्यासाठी ही मंडळी जमली असती तर मराठी कवितेत आज काय कमी असते याचा विचार करून पाहावा.

त्या पिढीचा राग विसरून चालणार नाही. 'सत्यकथे'त ज्यांना जागा मिळाली त्यांना ते देऊळ वाटले. ज्यांना मिळाली नाही त्यांना तो बंद दरवाजा वाटला. १९६९ साली राजा ढाले यांनी 'येरू'मध्ये 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून त्या दरवाजावर धडका दिल्या. सायक्लोस्टाइलची लघुनियतकालिके म्हणजे आपला वाचक आपण गाठण्याची खटपटच होती. गुणग्राहक संपादक ही मोठी गोष्ट असली, तरी एकाच संपादकाच्या आवडीवर भाषेचे भवितव्य टांगलेले असणे बरे नव्हे, हे ढाल्यांचे म्हणणे मला आजही पटते. ज्यांनी १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली म्हणून हळहळ केली त्यांचेही पटते. दोन्ही पटण्यात मला विसंगती दिसत नाही.

आता खरी ओळख म्हणजे काय, याची दोन उदाहरणे देतो. केशवसुत शाळामास्तर होते. त्यांच्या कविता 'काव्यरत्नावली', 'करमणूक' यांसारख्या नियतकालिकांतून येत, पण हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. १९०५ साली ते हुबळीला प्लेगने गेले. पुढे त्यांच्या कविता गोळा करून पुस्तकरूपाने कुणी आणल्या? 'करमणूक'कार हरि नारायण आपट्यांनी. आपटे हे त्या काळचे सर्वांत नावाजलेले कादंबरीकार. त्यांना या उद्योगातून मिळण्यासारखे काही नव्हते, आणि केशवसुत परतफेड करायला या जगात नव्हते.

दुसरे उदाहरण घराघरांत माहीत आहे. जळगावजवळच्या असोद्याची लेक, चौधरींच्या घरची सून, अक्षरशत्रू बहिणाबाई ओव्या रचत गेली आणि कुणीतरी त्या उतरवून घेत गेले. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने आईच्या ओव्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर पडली. अत्रे म्हणजे नाटककार, चित्रपटकार, वक्ता, जाहिरातीच्या कलेत महाराष्ट्रात ज्याचा हात कुणी धरला नसता असा माणूस. आता सांगा, सोपानदेवाची अत्र्यांशी ओळख नसती तर? हा प्रश्न मला अनेकदा झोपू देत नाही. खानदेशात तेव्हा जात्यावर बसणारी बहिणाबाई एकटीच होती काय? ज्या बायांचे लेक कवी झाले नाहीत त्यांच्या वह्या कुठे गेल्या?

म्हणूनच ओळखीची निव्वळ निंदा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण अत्र्यांनी त्या वहीचे काय केले तेही पाहावे: त्यांनी ती आधी वाचली. आजच्या पद्धतीत नेमकी हीच पायरी गाळलेली आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याला पुस्तकाचा सारांश पाठवला जातो, प्रकाशन करणाऱ्याला मुखपृष्ठ पाठवले जाते, परीक्षण लिहिणाऱ्याला प्रस्तावना पुरते. अशा रीतीने चार मोठी नावे पुस्तकाला लागतात आणि पुस्तक चौघांपैकी कुणीच वाचलेले नसते. मग आम्ही लेखक मंडळी एकमेकांना 'सप्रेम भेट' लिहून प्रती देतो, आणि वर्षभराने त्याच प्रती रद्दीच्या दुकानात, सहीसकट, तीस रुपयांना मिळतात. एक मित्र तर आपली भेट दिलेली प्रत विकत घेऊन आला आणि ती पुन्हा त्याच गृहस्थांना 'पुनश्च सप्रेम' असे लिहून देऊन आला!

पुरस्कारांचेही तसेच. दोन प्रती आणि प्रवेशशुल्क पाठवा, अशी मागणी करणाऱ्या पुरस्कारांत लेखक हाच गिऱ्हाईक असतो. सन्मानचिन्ह त्याच्याच पैशांतून घडवलेले असते. व्हॉट्सॲपवर सत्काराचे छायाचित्र फिरते, शंभर जण हात जोडल्याची खूण पाठवतात, आणि त्या शंभरांत पुस्तकाचे नाव विचारणारा एक निघाला तर नशीब.

यात बळी कोण जातो, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक मुलगी. आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते. मुलगी शिवणकाम करते आणि रात्री गोष्टी लिहिते. तिने एका प्रकाशकाला विचारले. तीनशे प्रती, पंचेचाळीस हजार रुपये, प्रकाशन समारंभ आणि एका संमेलनात कवयित्री म्हणून नाव, असा आकडा सांगण्यात आला.

"कवयित्री? अगं, तू तर गोष्टी लिहितेस," मी म्हटले.

"सर, मी तेच म्हटलं. तर ते म्हणाले, तिथं कवितेलाच जागा शिल्लक आहे."

"आणि गोष्टी वाचल्या का त्यांनी?"

"वाचायचं नंतर बघू म्हणाले. आधी पॅकेज ठरवा."

पंचेचाळीस हजार म्हणजे त्या घरात काय, हे ज्याला कळते त्याने या धंद्याचे नाव काय ठेवायचे ते ठरवावे. अडीचशे रुपये किमतीच्या पुस्तकावर रूढ दहा टक्क्यांनी लेखकाला पंचवीस रुपये मिळतात. तीनशेच्या तीनशे प्रती खपल्या तरी साडेसात हजार. उरलेले पैसे शिवणयंत्रातून निघायचे. मी तिच्या सातही गोष्टी वाचल्या. दोन चांगल्या होत्या. त्यांतली रात्रपाळीच्या भोंग्याची तर फारच. ती एका दिवाळी अंकाच्या संपादकांना पाठवायला सांगितली. त्यांची माझी ओळख नाही. दोन महिन्यांनी गोष्ट परत आली, खाली चार ओळी लिहून: शेवटी आईचा मृत्यू घाईने आणला आहे, आई जगली तर गोष्ट अवघड होईल, तशी लिहून पाहा. पंचेचाळीस हजारांच्या पॅकेजात या चार ओळी कुठेच नव्हत्या.

मग लेखकाने पुस्तक विकूच नये काय? अवश्य विकावे, आणि लाज न बाळगता विकावे. पण गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहून. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. स्टँडवरच्या आणि रेल्वेच्या फलाटावरच्या स्टॉलवर, पैशापैशाने पुस्तके भाड्याने देणाऱ्या वाचनालयांत झुंझार आणि काळापहाड यांना शोधत लोक येत. समीक्षकांनी त्यांना आपल्या पंगतीला घेतले नाही. पण पुढे आपल्या इतर मोठ्या लेखकांची पुस्तके हाती धरणाऱ्या कितीतरी वाचकांना वाचनाची सवय अर्नाळकरांनी लावली. आमच्या शाळेच्या शिपायाने हयातीत वाचलेली पुस्तके बहुतेक त्यांचीच, आणि गणपतीत मुलांना गोष्ट सांगावी तर त्यानेच.

अण्णा भाऊंचे उदाहरण अधिक कठोर आहे. शाळेत दीड दिवस गेलेला हा माणूस वाचकाला पुरता माहीत होता. त्यांच्या पोवाड्यांना आणि लोकनाट्यांना माणसांचा समुद्र लोटे. 'फकिरा' १९५९ साली निघाली आणि तिला राज्य सरकारचे पारितोषिकही मिळाले. तरीही १९६९ साली गोरेगावला ते गेले तेव्हा घरात दारिद्र्य होते. वाचक मिळाला म्हणजे लेखकाचे पोट भरते असे नाही. मध्ये हिशेब ठेवणारे हात असतात. लेखकांनी एकत्र येऊन खरोखर काही करायचे असेल तर मानधनाच्या हिशेबाचे करावे. त्या विषयावर मात्र मी अद्याप परिसंवाद ऐकलेला नाही.

वाचकापर्यंत जाण्याची मराठीतली मोठी खटपट माझ्या मते 'ग्रंथाली'ची. १९७५ साली दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचकांचीच चळवळ म्हणून ती सुरू केली. आधी सभासद व्हा, स्वस्तात पुस्तक घ्या, असा साधा व्यवहार. आणि पुस्तके घेऊन गावोगाव जायचे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' त्यांनी काढले. या लेखकांची कुठल्या बड्या नावांशी घसट आहे हे पाहून कुणी ती पुस्तके घेतली नाहीत. लोकांनी ती वाचली, काहींना ती सोसली नाहीत, घराघरांत भांडणे झाली. मराठी पुस्तकाच्या वाट्याला यापेक्षा मोठा मान येत नाही.

आणि ज्या अंकात आपण हे वाचत आहात तो तरी काय आहे? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. साबण, तेल नि सराफी पेढीच्या जाहिरातींच्या खांद्यावर बसून कथा-कविता लाडू-करंज्यांच्या ताटाशेजारी येऊन पोहोचायची ही रीत तेव्हापासूनची. एकच अंक घरातली आजी, सून, कॉलेजातला मुलगा आणि शेजारी आळीपाळीने वाचतात, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तो पलंगाखालच्या गठ्ठ्यात टिकतो. यातल्या एकालाही लेखकाची ओळख नसते. कथा आवडली नाही तर पान उलटतात; मुरवत म्हणून कुणी वाचत नाही.

ओळखीच्या लेखकांच्या गर्दीत असा मुरवत न ठेवणारा वाचक मला गेल्या संक्रांतीला भेटला. आमच्या मुख्याध्यापिकाबाई दरवर्षी हळदीकुंकू करतात. प्लास्टिकचे डबे नि चाळण्या वाटून कंटाळा आला म्हणून त्यांनी माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या चाळीस प्रती वाण म्हणून लुटायच्या ठरवल्या. मी सवलत दिली. त्यांनी रोख पैसे दिले. एवढ्या प्रती या कादंबरीच्या एका दिवसात कधीच खपल्या नव्हत्या. चाळीसपैकी किती जणींनी वाचली ते मी विचारले नाही. पण फेब्रुवारीत भाजीच्या बाजारात एका पन्नाशीच्या बाईंनी मला थांबवले. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या.

"तुम्हीच ना ते मास्तर? त्या सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या शेवटपर्यंत सोडवल्या नाहीत तुम्ही."

मी सांगितले, की त्या मुद्दामच तशा ठेवल्या आहेत; अशा घरात पाटल्या सहसा परत येत नाहीत.

"येतात," त्या म्हणाल्या. "माझ्या आल्या. अकरा वर्षं लागली. पुढच्या पुस्तकात सोडवा." आणि मेथीचे पैसे द्यायला त्या वळल्या.